चार बोटं की वीतभर? घरी गाणं रेकॉर्ड करायला माइक निवडताना

माइक कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी एक काम सांगतो. रोज रियाजाला बसता त्याच जागी बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि मिनिटभर गप्प राहा. मग हेडफोन घालून ते मिनिट पुरतं ऐका. बेळगावात वडगाव-खासबागेकडे राहत असाल तर शेजारच्या मागाची खटखट ऐकू येईल. निपाणीत महामार्गालगत घर असेल तर ट्रकचे हॉर्न. खानापूरकडे, जांबोटीच्या बाजूला, रात्री जेवणं उरकल्यावर रातकिड्यांपलीकडे काही नसेल, पण पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस असेल. आणि पंखा तर सगळ्यांकडेच.

माइक कोणता, हे या एका मिनिटावरून ठरतं. गळा कसा आहे, पट्टी कोणती, हे त्यानंतर.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. आमच्या वडगावच्या घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहे. मी पहिला माइक घेतला तो ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२०, कारण ‘स्टुडिओ म्हणजे कंडेन्सर’ (बारीकसा आवाजही टिपणारा, वीज लागणारा नाजूक माइक) असं सगळीकडे वाचलं होतं. मांडी घालून, समोर पेटी घेऊन, माइक हातभर लांब ठेवून पहिला अभंग गायलो. ऐकताना दोन चरणांच्या मधे, जिथे श्वास घेतला होता तिथे, माग ठेका धरल्यासारखा वाजत होता. माइक उत्तम होता. त्याच्यापासून मी हातभर लांब होतो, खरी अडचण ती.

आता चार माइक समोर ठेवतो, कारण आपल्याकडे घरी गाणारे शेवटी यांच्यातच घुटमळतात. दोन डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारे दणकट माइक : शूरचा एसएम५८ आणि एसएम७बी. दोन कंडेन्सर : एटी२०२० आणि रोडचा एनटी१, पाचव्या पिढीचा. एसएम५८ आणि एटी२०२० साधारण एकाच किमतीच्या घरात येतात, एनटी१ त्यांच्या दुपटीपुढे जातो आणि एसएम७बी चौपटीच्या आसपास.

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला करू. ‘डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेत नाही’ असं दुकानातही सांगतात. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही जातीचे हे माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचं जास्त घेतात, पाठीमागचं कमी. सारख्या अंतरावर ठेवून दोघांचा गाण्याचा आवाज सारखा केला, तर मागाची खटखट दोघांतही जवळपास तेवढीच येते. फरक पडतो तो अंतरामुळे. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा गळ्याचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीतला, भिंतीवरून परतणारा आवाज मात्र होता तिथेच राहतो. म्हणजे चार बोटांवरून वीतभर मागे सरकलात की गाणं दबतं आणि खोली वर येते.

डायनॅमिक माइक चार बोटांवर तोंड लावून गायलेलं सोसतो, त्याची घडणच तशी आहे. कंडेन्सर इतक्या जवळ आणला की प्रत्येक ‘भ’ आणि ‘फ’ला हवेचा धक्का बसतो आणि खर्ज नको इतका फुगतो. त्याला वीत-दीड वीत अंतर लागतं. म्हणून खरा प्रश्न असा की तुमच्या खोलीत तुम्हाला चार बोटांवर गावं लागणार आहे, की वीतभर अंतर ठेवायची सोय आहे?

एसएम५८ बाजारात आला १९६६ साली. मिरवणुकीत, भजनाच्या स्पर्धेत, गणेशोत्सवाच्या मांडवात हाच दिसतो म्हणून तो ‘स्टेजचा माइक’ ठरला. पण त्याच्या नावातलं एसएम म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ आहे. ५० ते १५,००० हर्ट्झ (सेकंदाला कंपनं) एवढा त्याचा पल्ला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झवर येतो, तेव्हा खालच्या बाजूला काही हरवत नाही. वरच्या बाजूला कंडेन्सरमध्ये जो श्वासाचा, हवेचा बारीक भाग येतो, तो यात कमी येतो. अभंग, गवळण, भावगीत, पोवाडा यांना त्याची फारशी उणीव भासत नाही. शब्द स्पष्ट येतात, आणि आपल्या गाण्यात शब्दच पुढे असतो. वडगावसारख्या खोलीत मी डोळे झाकून हाच सांगतो.

मात्र याच्या नकला फार आहेत. माझ्या ओळखीच्या एका भजनी मंडळाने एका विक्रेत्याकडून स्वस्तात दोन घेतले, दोन्ही नकली निघाले, आवाज डब्यातून आल्यासारखा. खऱ्या एसएम५८चं वजन २९८ ग्रॅम आहे. घरी आला की वजन करून बघा. बराच हलका भरला तर परत करा. वजन जुळलं म्हणून खरा, असं मात्र धरू नका. बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

एसएम७बी सुंदर माइक आहे, आवाजाला गोलाई देतो, आत झटके शोषणारी सोय आहे, वर फोमचं जाड आवरण आहे. तरी घरी पहिला माइक म्हणून मी तो सुचवत नाही. कारण हा फार हळू बोलतो. ठरावीक आवाजाला एटी२०२० १४.१ मिलिव्होल्ट देतो, तिथे हा १.१२ देतो, म्हणजे जवळपास २२ डेसिबल कमी. त्याला वर आणायला इंटरफेसकडे, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राकडे, ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाज वाढवायची ताकद) लागतो. फोकसराइटच्या तिसऱ्या पिढीच्या स्कार्लेट सोलो या इंटरफेसमध्ये तो ५६ आहे. हळू आलाप घेतलात की बटण शेवटपर्यंत फिरवूनही पुरत नाही आणि मागे सूंऽऽ असा आवाज उरतो. त्यांच्याच चौथ्या पिढीच्या स्कार्लेट २आय२मध्ये ६९ डेसिबल मिळतात, तिथे जमतं. म्हणजे माइक महाग, शिवाय इंटरफेस तोलामोलाचा, शिवाय स्टँड भक्कम, कारण हा सुमारे ७६५ ग्रॅम भरतो आणि हलका स्टँड मान टाकतो. तेवढ्या पैशात एसएम५८, साधा इंटरफेस, केबल, स्टँड आणि बंद हेडफोन एवढं सगळं घेता येईल.

आता कंडेन्सर. एटी२०२० आणि एनटी१ यांची तुलना करताना सगळे माइकच्या स्वतःच्या खरखरीचा आकडा दाखवतात : एटी२०२०चा २० डेसिबल, एनटी१चा ४. कागदावर फरक प्रचंड आहे. पण छताचा पंखा फिरतोय अशा खोलीत तो ऐकू येणार नाही, कारण पंखाच त्या दोघांपेक्षा कितीतरी मोठा आहे. पंखा बंद, खिडकी बंद, वेळ रात्रीची, आणि गाणारी ख्यालाचा आलाप मंद्रात अगदी हळू घेतेय, तेव्हा ते ४ आणि २० कळतात. खानापूर तालुक्यात माझी मामेबहीण गाते. मातीच्या जाड भिंतींची खोली, कोपऱ्यात गाद्यांची उतरंड, शेणाने सारवलेली जमीन. ती खोली एखाद्या स्टुडिओला लाजवेल. तिने एनटी१ घेतला आणि तिच्यासाठी तोच बरोबर आहे.

ख्याल गाणाऱ्यांना कंडेन्सर का, याचं आणखी एक कारण आहे. शास्त्रीय गाताना मान स्थिर राहत नाही. तान घेताना डोकं फिरतं, हात उठतो, समेवर माणूस पुढे झुकतो. चार बोटांवर माइक असेल तर दोन बोटांची हालचालही आवाज वर-खाली करते. दीड वितीवर तीच हालचाल जाणवत नाही. सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, अशा या मुलखात सुराच्या शेवटच्या टोकापर्यंत कान देऊन ऐकणारे लोक आहेत. विरत जाणारा स्वर त्यांना पूर्ण हवा असतो.

स्वतःच पेटी वाजवत गाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं : वीतभरावरचा कंडेन्सर गळा आणि पेटी दोन्ही छान एकत्र घेतो, पण नंतर पेटी कमी करता येत नाही. एसएम५८ तोंडाशी लावला तर पेटी मागे जाते. तानपुरा फोनवर लावत असाल तर तो कानात ऐका, स्पीकरवर नको, नाहीतर तोही गाण्यात मिसळतो.

एनटी१च्या पाचव्या पिढीत दोन सोयी आहेत ज्या किमतीचा हिशोब बदलतात. एक्सएलआर (माइकची नेहमीची तीन पिनांची जोडणी) याबरोबर त्याला यूएसबीही आहे, म्हणजे इंटरफेस न घेता थेट लॅपटॉपला जोडता येतो. आणि यूएसबीवर तो ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे हळू-जोरात दोन्ही आवाज सामावणाऱ्या पद्धतीने, रेकॉर्ड करतो, त्यामुळे आलापानंतर तार षड्ज एकदम जोरात लागला तरी आवाज फाटला असं होत नाही, नंतर खाली आणता येतो. पॉप फिल्टर (हवेचा धक्का अडवणारी जाळी) आणि शॉकमाउंट (हादरे शोषणारी पकड) खोक्यातच येतात. एटी२०२०ला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, पुरवणारा इंटरफेस लागतोच. सगळं धरून बेरीज करा, दुपटीचा फरक बराच आटतो. म्हणून शांत खोली असलेल्याला मी एटी२०२० घ्यायला सांगत नाही. थोडं थांबून एनटी१ घ्या. इंटरफेस घरात आधीच असेल, तर मात्र एटी२०२० चांगला सौदा आहे.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. कंडेन्सरला दमट हवा मानवत नाही. आपल्याकडे जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे माइक स्टँडवर उघडा ठेवला तर कुरकुर सुरू होते. गाणं झालं की झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. एसएम५८ला एवढं जपावं लागत नाही. आणि पत्र्यावर पाऊस पडत असताना कोणताच माइक कामाचा नाही, त्या दिवशी रियाज करा.

माइक कोणताही घ्या, बसायची दिशा बदला. कार्डिऑइड माइक पाठीकडून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून माइकची पाठ मागाकडे किंवा रस्त्याकडे हवी, म्हणजे तुमचं तोंड त्या गोंगाटाच्या दिशेला येतं. बहुतेक जण उलट बसतात, गोंगाटाकडे पाठ करून, आणि तो थेट माइकच्या तोंडात जातो. तुमच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाका, कारण माइक तिकडेच बघतोय. भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ मोजा ताणून बसवला की पॉप फिल्टर तयार होतो. तो माइकपासून चार बोटं पुढे धरा आणि ‘विठ्ठल’चा ठ, ‘भीमा’चा भ गाताना तोंड किंचित बाजूला ठेवा. घरात अर्थिंग नीट नसेल आणि रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने जातं.

माग बंद करायला मी कुणाला सांगणार नाही, त्या घराची चूल त्याच्यावर आहे. मी एटी२०२० मामेबहिणीच्या मुलाला दिला, त्याच्याकडे इंटरफेस होता. स्वतःसाठी एसएम५८ घेतला. शेजाऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी माग थांबतो तेव्हा गातो, आणि कधी मधेच सुरू झाला तरी चार बोटांवरून गायलेल्या अभंगात तो आता शोधावा लागतो.