नेस्ट, इकोबी की साधा प्रोग्रामेबल? आधी भिंतीतल्या तारा बघा

अमेरिकेत घर घेतलं आणि पहिल्या जानेवारीचं गॅसचं बिल आलं, की बऱ्याच मराठी घरांत स्मार्ट थर्मोस्टॅटचा विषय निघतो, म्हणजे घराचं हीटिंग आणि एसी सांभाळणारं, फोनवरून चालणारं भिंतीवरचं यंत्र. गूगलचा नेस्ट आणि इकोबी ही त्यातली नेहमीची नावं; साधा प्रोग्रामेबल म्हणजे नुसता ठरवून दिलेल्या वेळापत्रकाने चालणारा. सेलमध्ये कुठला स्वस्त आहे, ऑफिसातल्या मित्राने कुठला लावलाय, दिसायला कुठला छान आहे, अशी चर्चा होते आणि डबा घरी येतो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. कुठला थर्मोस्टॅट घ्यायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: जुन्या थर्मोस्टॅटच्या मागे कोणत्या तारा आहेत, आणि दिवसा घरात कोण असतं. रंग, स्क्रीन, आवाजी आज्ञा हे सगळं त्यानंतर.

तारा

ब्रेकर बंद करा आणि जुन्या थर्मोस्टॅटचं पुढचं झाकण ओढा. बहुतेक झाकणं नुसती खटकन निघतात. आत छोट्या स्क्रूंखाली बारीक तारा दिसतील आणि प्रत्येकीशेजारी एक अक्षर असेल. आर म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा, डब्ल्यू हीटिंगची, वाय कूलिंगची, जी पंख्याची. ओ किंवा बी असेल, तर तुमच्याकडे बहुधा हीट पंप आहे, म्हणजे उलटा चालून हिवाळ्यात घर गरम करणारा एसी. आणि सी, म्हणजे कॉमन. वीज परत जायची वाट हीच. ती असेल तरच थर्मोस्टॅटच्या स्क्रीनला आणि वाय-फायला चोवीस तास वीज मिळते. फोटो काढून ठेवा. तारांच्या रंगावर अजिबात विसंबू नका. निळी तार बहुधा सीला असते, पण आधीच्या मालकाने ती कशालाही जोडलेली असू शकते. अक्षर तेवढं खरं.

बारीक तारांऐवजी दोन-चार जाड तारा आणि त्यांच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या दिसल्या, तर झाकण परत लावा. ती १२० किंवा २४० व्होल्टची बेसबोर्ड हीटरची, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरची लाइन असते. नेस्ट, इकोबी, ॲमेझॉन यातला एकही तिथे चालत नाही. त्यासाठी मायसासारखे वेगळे थर्मोस्टॅट मिळतात, आणि घर तसं असेल तर पुढची तुलना तुमच्या कामाची नाही.

सी असेल तर प्रश्न मिटला, काहीही घ्या. नसेल, तर आधी भिंतीत डोकावून बघा. पुष्कळ घरांत पाच तारांची केबल टाकलेली असते आणि पाचवी तार न जोडता गुंडाळून मागे सारलेली असते. तिचं एक टोक थर्मोस्टॅटच्या सीला आणि दुसरं फर्नेसच्या (घराची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) बोर्डवरच्या सीला जोडलं की काम झालं, खर्च शून्य.

तीही नसेल, तर इथे कंपन्यांमधला फरक दिसतो. नेस्ट सीशिवायही चालू शकतो. हीटिंग-कूलिंगच्या सर्किटमधून थोडी थोडी वीज घेऊन तो आतली बॅटरी चार्ज करतो. काही घरांत हे वर्षानुवर्षं विनातक्रार चालतं. काही घरांत बॅटरी उतरते आणि ऐन थंडीत स्क्रीन काळी पडते. नुसतं हीटिंग, नुसतं कूलिंग, हीट पंप किंवा झोन असलेली (घराच्या भागांचं तापमान वेगवेगळं ठेवणारी) सिस्टिम असेल, तर हा धोका पत्करू नये. सी तार किंवा तिचं काम करणारा गूगलचा पॉवर कनेक्टर लावावा. इकोबीला सततची वीज लागतेच, पण प्रीमियम मॉडेलच्या डब्यात पॉवर एक्स्टेंडर किट येतं. ते फर्नेसच्या बोर्डाजवळ जोडलं की चार तारांत भागतं. स्वस्त एसेन्शियलसोबत ते येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. ॲमेझॉनच्या थर्मोस्टॅटला सी हवीच. त्याचा अडॅप्टरही वेगळा मिळतो.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बॉस्टनकडच्या जुन्या घरांत बॉयलर आणि रेडिएटर असतात. तिथे भिंतीत बऱ्याचदा दोनच तारा सापडतात, आर आणि डब्ल्यू. इकोबीचं किट दोन तारांवर चालत नाही. मग नवी केबल ओढा नाहीतर २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर प्लगला लावा. अशा घरात मी एवढा खटाटोप सुचवणार नाही. पाण्यावर चालणारी सिस्टिम तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे दिवसातून चार वेळा तापमान वरखाली करण्यात फारसं हाती लागत नाही. बॅटरीवर चालणारा साधा प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट तिथे उत्तम काम करतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. तारांशेजारी ए, बी, सी, डी अशी अक्षरं ओळीने असतील, किंवा कॅरियर इन्फिनिटीसारखी महागडी व्हेरिएबल स्पीडची सिस्टिम असेल, तर तिचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि यंत्र आपसात डेटाने बोलतात. तो काढून नेस्ट किंवा इकोबी लावलं, तर ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजले तोच जातो. हात लावू नका.

दिवसा घरात कोण

दुकानातला माणूस हा प्रश्न विचारत नाही, आणि आपल्या घरांत तो सर्वात महत्त्वाचा आहे. या यंत्रांची बरीचशी बचत ‘घरात कुणी नाही’ हे ओळखण्यावर उभी आहे. नवरा-बायको दोघं सकाळी बाहेर पडतात, फोन घरापासून लांब गेले हे ॲपला कळतं, आणि हीटिंग खाली येतं. छान. पण मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की हे गणित पार बिघडतं. त्यांचा फोन ॲपमध्ये नसतो. थर्मोस्टॅट खालच्या मजल्यावर जिन्याशेजारी असतो. दुपारी जेवण आटोपून दोघं वरच्या खोलीत आडवी होतात. खाली दोनेक तास कुणी फिरकत नाही, आणि थर्मोस्टॅट ठरवतो की घर रिकामं आहे. ऑगस्टमध्ये एसी बंद पडल्यासारखा होऊन वरचा मजला तापतो. ऑक्टोबरच्या शेवटी, निघायच्या आधी, हीटिंग उतरतं आणि आई शाल गुंडाळून बसते. मुलांना कामात त्रास नको म्हणून दोघंही फोन करून सांगत नाहीत. संध्याकाळी तुम्ही परत येता तेव्हा घर पुन्हा व्यवस्थित झालेलं असतं, म्हणून तुम्हाला पत्ताच लागत नाही.

या एका मुद्द्यावर मी इकोबीला झुकतं माप देतो. त्याचे सुटे सेन्सर तापमानही मोजतात आणि खोलीत कुणी आहे का हेही ओळखतात. प्रीमियमसोबत एक येतो. तो आई-बाबांच्या खोलीत ठेवा. नेस्टचा सुटा सेन्सर फक्त तापमान मोजतो. माणसाची चाहूल भिंतीवरच्या मुख्य यंत्रालाच लागते, बाकी भिस्त फोनवर. नेस्ट आधीच घेतला असेल तर वडलांचा फोन ॲपमध्ये घराचा सदस्य म्हणून जोडा, नाहीतर ते येतील त्या दिवशी घरी-बाहेर ओळखण्याची सोय बंद करून टाका आणि ते परत गेले की सुरू करा. ॲमेझॉनच्या यंत्रात हालचालीचा सेन्सरच नाही. ते ॲलेक्सा, एको स्पीकर आणि फोनच्या भरवशावर असतं. वडीलधारी माणसं घरात असतील तर मी ते घेणार नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हाताळायला नेस्ट सगळ्यात सोपा आहे. गोल कडी फिरवायची, आकडा बदलतो. सत्तरीच्या माणसाला यापलीकडे काही शिकवावं लागत नाही. इकोबीचा टचस्क्रीन अवघड नाही, पण हाताने बदललेलं तापमान किती वेळ टिकावं हे सेटिंगमध्ये ठरवून ठेवावं लागतं. ‘पुढच्या वेळापत्रकापर्यंत’ हा पर्याय निवडा, म्हणजे रात्री वाढवलेलं हीटिंग आठवडाभर तसंच राहत नाही. आणि सगळ्या यंत्रांत सेल्सिअस लावता येतं. ६८ फॅरनहाइट म्हणजे २० आणि ७८ म्हणजे साडेपंचवीस. बाबांना फॅरनहाइटचा अंदाज येत नसेल तर त्या महिन्यांपुरतं सेल्सिअस करा. आपल्याला कळणारा आकडा समोर असला की माणूस संकोच न करता हवं ते तापमान लावतो.

हीट पंप असेल तर

नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया या पट्ट्यात हीट पंप भरपूर. तिथे ‘रात्री तापमान खूप उतरवा, पैसे वाचतील’ हा सल्ला उलटू शकतो. सकाळी सहा-सात अंश फॅरनहाइटची दरी एकदम भरून काढायची म्हटली की सिस्टिम ऑक्झिलरी हीट सुरू करते, म्हणजे विजेच्या हीटरच्या पट्ट्या. हीट पंप एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांची उष्णता घरात आणतो. पट्टी एका युनिटात एकच युनिट देते. रात्रभर वाचवलेलं सकाळच्या तासाभरात निघून जातं.

इकोबीत बाहेरचं तापमान किती उतरल्यावर ऑक्झिलरीला परवानगी द्यायची हे तुम्ही स्वतः आकड्यात ठरवू शकता. नेस्टमध्ये बचत, समतोल, आराम अशा पायऱ्या आहेत आणि बाकीचं तो स्वतः बघतो. सेटिंगमध्ये डोकवायची सवय असेल तर इकोबी. ती नसेल तर नेस्ट समतोलावर ठेवा आणि रात्री दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका.

पैसे

यादीतल्या किमती साधारण अशा: नेस्टचं २०२४ मधलं चौथ्या पिढीचं मॉडेल २८० डॉलर, इकोबी प्रीमियम २५०, इकोबी एसेन्शियल १३०, ॲमेझॉन ८०. साधा प्रोग्रामेबल चाळीस-पन्नासात मिळतो. सेलमध्ये सगळेच खाली येतात.

एनर्जी स्टार या अमेरिकन सरकारच्या ऊर्जा-बचत कार्यक्रमाच्या हिशेबाने स्मार्ट थर्मोस्टॅट हीटिंग-कूलिंगच्या खर्चात सरासरी ८ टक्के वाचवतो. वर्षाला त्यावर २,००० डॉलर जात असतील तर १६० वाचतील आणि महागडं यंत्रही दोन वर्षांत वसूल होईल. लहान अपार्टमेंटमध्ये ६०० जात असतील, तर वर्षाला ४८ डॉलर. तिथे २८०चं यंत्र घेण्यात हशील नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडाही लक्षात ठेवा: दिवसाचे आठ तास तापमान ७ ते १० फॅरनहाइटने हलवलं (थंडीत खाली, उन्हाळ्यात वर) तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होते. ते तुम्ही हाताने केलं, चाळीस डॉलरच्या यंत्राने केलं की नेस्टने, याचा त्याच्याशी संबंध नाही. जे आताही रोज निघताना आठवणीने बटण दाबतात, त्यांना स्मार्ट यंत्र सोय देईल, पैसे फारसे देणार नाही.

किंमत बघताना आयुष्यही बघा. गूगलने पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या नेस्टची सेवा २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. भिंतीवर ते अजून चालतात, पण फोनवरून चालवता येत नाहीत. इकोबीनेही आपलं सर्वात जुनं मॉडेल २०२४ मध्ये असंच सोडून दिलं. म्हणून सेकंडहँड घेताना पिढी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ‘जाताना पुण्याला घेऊन जाऊ’ असा विचार असेल तर तो सोडा. आपल्याकडच्या स्प्लिट एसीला २४ व्होल्टच्या या तारा नसतात. तो रिमोटवर चालतो.

स्वतः बसवायचा की माणूस बोलवायचा

सी तार असेल तर स्वतः बसवा. तासाभराचं काम आहे. फर्नेस आणि एसी दोन्हींचे ब्रेकर बंद करा. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखा स्विच असतो, तोही. हे यासाठी, की चालू असताना आर आणि सी एकमेकींना टेकल्या तर फर्नेसच्या बोर्डवरचा छोटा फ्यूज उडतो. तो गाडीत असतो तसाच चपटा, जांभळा ३ अँपिअरचा किंवा फिकट तपकिरी ५ अँपिअरचा. काही डॉलरांची वस्तू आहे, पण ही गोष्ट माहीत नसेल तर माणूस नवा थर्मोस्टॅट खराब निघाला असं समजून परत करतो, किंवा सर्व्हिस कॉलचे शंभराहून जास्त डॉलर भरतो. जसा उडाला तेवढ्याच अँपिअरचा लावायचा, जास्तीचा नाही. फर्नेस उघडून बोर्डवर हात घालावा लागणार असेल आणि मनाची तयारी नसेल, तर माणूस बोलवा. तो खर्च वाया जात नाही.

वीज किंवा गॅस कंपनीची सूट मात्र खरेदीच्या आधी शोधा. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर हीच यंत्रं सवलतीत विकतात आणि कधीकधी दुकानातल्या सेलपेक्षा तिथे स्वस्त पडतात. फक्त सूट कशाबद्दल आहे ते वाचा. काही योजनांत उकाड्याच्या दुपारी तुमच्या एसीचं तापमान वर नेण्याचा अधिकार कंपनीला मिळतो. कोलोरॅडोत २०२२ च्या ऑगस्टअखेरीस एक्सेल एनर्जी या वीज कंपनीच्या सुमारे २२,००० ग्राहकांना एका गरम दुपारी आपल्याच थर्मोस्टॅटवरचा आकडा बदलता आला नव्हता. त्यांनी वर्षाच्या क्रेडिटसाठी नाव नोंदवलेलं होतं. दिवसा घर रिकामं असेल तर अशी योजना जरूर घ्या. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारी माणसं असतील तर नुसत्या खरेदीवरची सूट घ्या आणि फॉर्मवर या दुसऱ्या योजनेपुढे खूण करू नका.

घर भाड्याचं असेल तर मालकाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. जुना थर्मोस्टॅट, त्याची मागची पट्टी आणि स्क्रू एका पिशवीत घालून तारांच्या फोटोसकट जपून ठेवा. घर सोडताना तोच परत लावायचा आहे. आणि नवं यंत्र तिथेच ठेवून जाणार असाल तर निघण्यापूर्वी ते फॅक्टरी रीसेट करून तुमच्या खात्यातून काढा.