चौथी तार नसलेले पंखे : ठाण्यातील एका खरेदीचा अनुभव

मी कोपरखैरण्याला राहते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम घरूनच करते. खोलीत संगणकाचा आवाज किती होतो, हा त्यामुळे माझ्या दृष्टीने थेट कामाचा प्रश्न आहे. मार्च महिन्यात संगणकाची तारीख आणि वेळ वारंवार चुकू लागली, म्हणून ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानातून मदरबोर्डवरची (संगणकाच्या मुख्य सर्किट पाटीवरची) नाण्याएवढी बॅटरी बदलून आणली. त्याच दिवसापासून कॅबिनेटचे तिन्ही पंखे कायम पूर्ण वेगाने घोंगावू लागले. ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाक्यामागे तो आवाज ऐकू येत असे आणि सॉफ्टवेअरने तो साफ करायला गेले की ‘स’ आणि ‘श’ बोथट होत. जे विद्यार्थी केवळ कानांनी शिकतात, त्यांना असे मुद्रण देणे मला मान्य नव्हते.

मी पुन्हा त्याच दुकानात गेले. दुकानदाराने कॅबिनेट उघडले, पंख्यांकडे एक नजर टाकली आणि सांगितले, “ताई, या पंख्यांचा वेग कमी होतच नाही. चार पिनचे घ्यावे लागतील, आणि सोबत कंट्रोल हब.” प्रत्येकी 1,400 रुपयांचे तीन पंखे, 1,500 रुपयांचा रिमोटसह हब (अनेक पंखे एकत्र जोडणारी पेटी) आणि सेटिंगचे 500 रुपये असा हिशेब झाला. जुने पंखे त्याने 300 रुपये वजा करून ठेवून घेतले. मी 5,900 रुपये यूपीआयने दिले आणि बिल म्हणून एका चिठ्ठीवर लिहिलेली रक्कम स्वीकारली. त्या चिठ्ठीवर ना जीएसटी क्रमांक होता, ना पंख्यांच्या मॉडेलचे नाव. नव्या पंख्यांचे खोके मागितले, तेव्हा ते कचऱ्यात गेल्याचे उत्तर मिळाले.

ज्या प्रात्यक्षिकावर मी विश्वास ठेवला, ते नीट सांगायला हवे, कारण इतर ग्राहकांनाही तेच दाखवले जात असावे. त्याने बायोसच्या (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावर एक आलेख उघडला, त्यावरची रेघ खाली ओढली आणि बाजूचा आकडा 1,800 वरून 700 पर्यंत उतरला. “बघा, वेग उतरला.” दुकानात पाच-सहा संगणक उघडे चालू होते आणि बाहेर रस्त्याचा गोंगाट होता, त्यामुळे कानाने काहीच पडताळता आले नाही. तो आकडा प्रोसेसरवरच्या पंख्याचा होता, कॅबिनेटच्या पंख्यांचा नव्हे; ओळीच्या सुरुवातीचे नाव मी वाचले नाही.

रात्री घरी संगणक सुरू केला, तर आवाज तसाच होता. रिमोटने पंख्यांवरचे दिवे निळ्याचे लाल होत, पण वेगात फरक पडत नव्हता. फोन केल्यावर दुकानदार म्हणाला की सेटिंग बसायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी त्याने मदरबोर्डच बिघडला असल्याचे सांगितले आणि नव्या बोर्डाचे 9,000 रुपये होतील असे कळवले.

तेव्हा मी ऐरोलीहून भाच्याला बोलावले. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने कॅबिनेटचा पत्रा काढला आणि हबमधून मदरबोर्डकडे जाणारा प्लग माझ्या तळहातावर ठेवला. “मावशी, हा बघ.” प्लगला चार भोके होती आणि त्यांपैकी तीन रिकामी होती. ज्या हबला वीज थेट एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) मिळते, त्याच्या या प्लगमध्ये निदान दोन तारा असाव्या लागतात: एक पंख्याचा वेग बोर्डाला कळवणारी आणि दुसरी बोर्डाचा आदेश पंख्यांपर्यंत नेणारी. येथे फक्त पहिली होती. पडद्यावर वेगाचा आकडा दिसत होता, म्हणून सारे जोडलेले वाटत होते; पण आदेश जायला मार्गच नव्हता. पंखेही तीन तारांचेच निघाले. केवळ त्यांचा प्लग चार भोकांचा होता.

तीन तारांच्या पंख्यात एक तार ग्राउंडची (ऋण बाजूची), एक 12 व्होल्टची आणि एक वेग कळवणारी असते, आणि त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवता येतो. चार तारांच्या पंख्याला 12 व्होल्ट सतत मिळत राहतात आणि चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे 25,000 स्पंद जातात. प्रत्येक स्पंदात वीज किती वेळ चालू राहते, त्यावर वेग ठरतो. पहिल्या पद्धतीला बायोसमध्ये डीसी म्हणतात आणि दुसरीला पीडब्ल्यूएम. मदरबोर्डवरची पंख्याची जोडणी (जिथे पंख्याचा प्लग बसतो ती) पीडब्ल्यूएमवर ठेवली की तीन तारांच्या पंख्याला पूर्ण 12 व्होल्ट मिळतात आणि तो पूर्ण वेगाने फिरतो.

भाच्याने हब काढून टाकला, दोन पंखे एका जोडणीवर आणि एक दुसऱ्यावर बसवला. बहुतेक बोर्डांवर अशी जोडणी 1 अँपिअरपर्यंतचा भार घेते आणि आमचे पंखे प्रत्येकी 0.30 अँपिअरचे होते. मग बायोसमध्ये पीडब्ल्यूएमच्या जागी डीसी निवडले. तापमान 45 अंशांपर्यंत असताना निम्मा वेग आणि त्यापुढे हळूहळू वाढ, अशी रेघ आखली. खोली शांत झाली. वेग निम्मा झाला, तर पंख्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, आणि तो फरक मला मायक्रोफोन न लावताही जाणवला.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो पुढच्या गोष्टीचा. माझे जुने पंखेही तीन तारांचेच होते. बॅटरी बदलताना बायोसमधली सेटिंग पुसली गेली होती आणि जोडणी डीसीवरून पीडब्ल्यूएमवर गेली होती. बिघाड तेवढाच होता. ज्याने स्वतः बॅटरी बदलली, त्याला हे ठाऊक नसेल हे मला पटत नाही. दोन मिनिटांचे, बिनखर्चाचे काम त्याने माझ्यापासून लपवले आणि वर धडधाकट मदरबोर्ड बदलायला सांगितला.

पंखे अचानक जोरात फिरू लागले असतील, तर काहीही विकत घेण्याआधी बायोसमध्ये कॅबिनेटच्या पंख्यांच्या ओळीत डीसी आहे की पीडब्ल्यूएम, हे पाहावे. नवे पंखे घेतलेच, तर खोक्यावरच्या शब्दांपेक्षा प्लगमधल्या तारा मोजाव्यात. मात्र, एका हबवर अनेक पंखे असताना बहुधा एकाच पंख्याचा वेग पडद्यावर दिसतो. ही रचनाच तशी असते, त्यात फसवणूक नाही. मॉडेलचे नाव असलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत; महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि 27 ने सुरू होतो.

मी यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि त्या रिकाम्या प्लगची छायाचित्रे जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तेथे निकाल लागला नाही, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क पडत नाही. दुकानाकडून अद्याप उत्तर आलेले नाही. त्या घोंगाटात मुद्रित केलेले आठवीच्या इतिहासाचे चार पाठ मी आता पुन्हा वाचत आहे.