किटकॅट फ्यूज काढून एमसीबी-आरसीसीबी बसवले: खानापुरात एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. पडवीत लाकडी फळीवर चार किटकॅट फ्यूज होते. फ्यूज उडाला की सासरे हाताला येईल ती तार गुंडाळायचे. एकदा फळी जळून काळी पडली, फ्यूज मात्र शाबूत! मार्चमध्ये ते सगळं काढून एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट मातीत किंवा माणसाच्या अंगातून गळू लागला की पडणारा स्विच) बसवले. आता डिसेंबर आहे.

पहिला वायरमन म्हणाला, "अक्का, सगळीकडे ३२चेच एमसीबी घालतो, सारखे पडणार नाहीत." त्याला परत पाठवलं. एमसीबी वायरीला जपायला असतो. दीड चौरस मिमीच्या वायरीवर ३२ अँपिअरचा बसवला तर तो पडण्याआधी वायरच तापून जाईल. मग परवानाधारक ठेकेदार शोधला. त्याने दिव्यांना दीडची वायर आणि ६ अँपिअर, स्वयंपाकघराच्या मोठ्या प्लगांना अडीचची आणि १६, गिझरला चारची आणि २० असं वेगवेगळं केलं. विहिरीची मोटार सुरू होताना जास्त करंट ओढते, म्हणून तिला सी प्रकारचा एमसीबी. सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मीटरच्या सीलला कुणी हात लावला नाही, लाईन हेस्कॉमकडूनच (इथली वीज कंपनी) बंद करून घेतली.

जुलैत परीक्षा झाली. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. रात्री-बेरात्री आरसीसीबी पडायचा. सासूबाई म्हणाल्या, "आधीचंच बरं होतं की गं." तो काढून थेट जोडा, असंही ओळखीच्या एकाने सुचवलं. मी ऐकलं नाही. एकेक एमसीबी खाली करून पाहिला, तरी पडायचाच. ठेकेदाराने कारण सांगितलं: साधा एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जोडलेलाच राहतो. गोठ्याच्या दिव्याची जुनी वायर ओल्या भिंतीत सोललेली होती आणि तिचा न्यूट्रल मातीला टेकत होता, म्हणून करंट मातीत गळायचा. मेन बंद करून त्याने तो न्यूट्रल पट्टीवरून सोडवला आणि पडणं थांबलं. पैसे वाचवायला तेवढीच वायर जुनी ठेवली होती. ती चूक आमची.

सप्टेंबरात पुन्हा पडला, या वेळी गिझर लावल्याबरोबर. आतली कॉइल फुटून पाण्यात करंट उतरत होता. दोन वर्षं न्हाणीच्या नळाला झिणझिण्या यायच्या आणि आम्ही "थोडा करंट आहे" म्हणून सोडून द्यायचो. त्याच नळाखाली माझी मुलगी अंघोळ करायची. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलायचाच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम सासऱ्यांनी स्वतःहून घेतलंय. विजेच्या कडकडाटापासून मात्र या पेटीतलं काहीच वाचवत नाही. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो. तो वळवाच्या आधी बसवायचा आहे.