ॲल्युमिनियमच्या पेट्या, आउटबॅक आणि धूळ : वर्षभर वापरल्यावर, मागच्या सीटवरून

आधीच सांगते, मोटरसायकल मी चालवत नाही. नवरा चालवतो, मी मागे बसते आणि सामानाचं खातं माझ्याकडे. त्यामुळे व्ही-स्ट्रॉम ६५० ला पिकअप किती, सस्पेन्शन कसं, हे इथे शोधू नका. हा रिव्ह्यू फक्त ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड भागात, वापरलेल्या सामानाच्या पेट्यांचा. साइडच्या दोन, मागे टॉप बॉक्स, फ्रेम आणि कुलपं धरून चौदाशे डॉलरच्या वर गेले. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

सुरुवातीचे महिने मी स्वतः लोकांना सांगत होते की घ्या म्हणून. ॲडलेडहून पोर्ट ऑगस्टा आणि तिथून स्टुअर्ट हायवेने कूबर पीडी, सगळा डांबरी रस्ता. ग्लेनडॅम्बोनंतर अडीचशे किलोमीटर पेट्रोल नाही, आमची टाकी २० लिटरची तरी मनाच्या समाधानासाठी एक कॅन पेटीच्या झाकणावर बांधलेला, समोरून ५३ मीटर लांबीच्या रोड ट्रेन (एका ट्रकमागे जोडलेले अनेक ट्रेलर) येतात आणि त्यांच्या वाऱ्याने माणूस सीटवरून उचलला जातो की काय वाटतं, पण पेट्या जराही हलल्या नाहीत. तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग ऊडनाडाटा ट्रॅक. मरी ते मार्ला, ६२० किलोमीटर, बहुतेक कच्चा. १९८० ला बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो. (हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून पडलं म्हणतात, त्यांच्यात कराची-बलुचिस्तानकडचेही होते, म्हणजे आपल्या बाजूची माणसं आमच्या आधी शंभर-दीडशे वर्षं इथे सामान बांधत होती, आणि तेही वॉरंटीशिवाय.) रस्ता म्हणजे नुसता पन्हाळी पत्रा. दात वाजतात, बोललेलं तुटक ऐकू येतं. लेक आयर (मूळ नाव काटी थांडा) या खाऱ्या तळ्याचा दक्षिणेकडचा भाग रस्त्यावरूनच दिसतो, पांढरंशुभ्र मीठ, पाण्याचा पत्ता नाही, मी फोटो काढायला उतरले आणि टॉवेल घ्यायला टॉप बॉक्स उघडला.

टॉवेल लाल. त्याच्या घड्याही आतून लाल. टूथब्रशला टोपी होती तरी केसांत माती. भाजणीच्या बरणीच्या आट्यांत धूळ बसलेली, झाकण फिरवलं की कर्र आवाज. पोह्यांची पिशवी क्लिप लावूनही गेली. नवरा म्हणे, "अगं धूळ आहे, विष नाही." त्याला काय, धुवायचं मला होतं, आणि पुढचं गाव विल्यम क्रीक यायला अजून शंभर किलोमीटर. रात्री मी टॉर्च घेऊन ते झाकण बघत बसले. रबर गोल आणि कडक, कोपऱ्यावर दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली, मध्ये नख जाईल एवढी फट. मागचं चाक जी धूळ उडवतं ती गाडीच्या पाठीमागच्या पोकळीतच घुमत राहते आणि टॉप बॉक्स नेमका तिथे. त्यात खडखडाटाने झाकण सारखं उघडझाप केल्यासारखं थरथरतं. शिवाय दिवसा पेटी तापली की आतली हवा बाहेर जाते, जुलैतल्या (इथला हिवाळा) रात्री गार झाली की परत आत ओढली जाते, आणि येताना धूळ घेऊन येते.

कंपनीला फोटोंसकट मेल केला. उत्तर आलं, पेटी वॉटरप्रूफ आहे, पाणी शिरलं का? मी म्हटलं त्या ट्रॅकवर पाणी दाखवा आधी. मग म्हणे कच्च्या रस्त्यावरचा वापर वॉरंटीत बसत नाही. अहो, तुमच्या वेबसाइटवरच्या पहिल्या फोटोत हीच पेटी लाल मातीत उभी आहे! इथल्या ग्राहक कायद्याप्रमाणे वस्तू ज्या कामासाठी म्हणून विकता त्या कामाला ती चालली पाहिजे, कंपनीची वॉरंटी काहीही म्हणो. हे लिहून पाठवल्यावर पन्नास डॉलरचं कूपन आलं. त्यांच्याच दुकानातलं. म्हणजे अजून एक पेटी घ्या. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून बारा डॉलरचं डी आकाराचं दाराचं मऊ रबर आणलं, जुनं खरवडून काढलं, जोड कोपऱ्यावर न ठेवता बिजागरीच्या बाजूला घेतला. साइडच्या पेट्यांत आता जवळजवळ धूळ येत नाही. टॉप बॉक्समध्ये अजून येते, कमी येते, पण येते.

इथवर दीड स्टार डोक्यात होता. पण पुढच्या फेरीत ऊडनाडाट्याच्या पुढे मऊ वाळूत पुढचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं सामानासकट आडवे. वेग नव्हता. गाडी पेटीवर टेकून राहिली आणि माझा पाय खाली सापडला नाही. पेटीचा कोपरा चेपला, तो नवऱ्याने कॅम्पवर तंबूच्या हातोडीने ठोकून सरळ केला, फ्रेम वाकली नाही, कुलूप त्याच चावीने उघडलं. मऊ बॅगा घ्या म्हणणाऱ्यांचंही बरोबर आहे, वाळूत चालवणाऱ्याने पाय टेकवला की पेटी मागून पोटरीवर येते आणि घोटा जातो, म्हणून आमच्याकडे पाय फूटपेगवरच ठेवायचे असा नियम आहे आणि मागून आठवण करून द्यायला मी आहे. पण मागे बसणारीच्या पायाचं म्हणाल तर मला ॲल्युमिनियमच पाहिजे.

तर साइडच्या पेट्यांना चार स्टार, त्यातला एक माझ्या रबराचा. टॉप बॉक्सला एक. पुढच्या हिवाळ्यात बर्ड्सव्हिल ट्रॅक करायचाय, मरीहून ५१७ किलोमीटर, तेव्हा मागे साधी रोल करायची ड्राय बॅग बांधणार, साठ डॉलरला मिळते. टॉप बॉक्स विकायला काढलाय. फक्त डांबरी रस्त्यावर फिरणारा कोणी असेल तर घ्या, पावसात खरंच एक थेंब आत येत नाही.