स्विचरू: खिडकीला नावाने हाक मारा

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या पेढीवरच्या संगणकावर टॅली, आठ-दहा एक्सेल, जीएसटी पोर्टल सगळं एकदमच उघडं. तिथे खिडक्या बदलायला ऑल्ट+टॅब बडवत बसणं म्हणजे वैताग. उघडी खिडकी नावाने शोधून देणारं विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर स्विचरू इथे खरंच कामाचं. ऑल्ट+स्पेस दाबा, शीर्षकातली दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर. यादीतूनच खिडकी बंद करायला कंट्रोल+डब्ल्यू. फाइलचं नाव ‘बुक१’च ठेवलंत तर शोधणार काय? पार्टीचं नाव द्या. ते हिंदीत असेल तर आधी कीबोर्ड बदला. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज रन या शोधसाधनाचीही मूळ की ऑल्ट+स्पेसच, त्यामुळे एकाची बदलावी लागते. ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीवर जायचं तर स्विचरूही ॲडमिन म्हणूनच चालवा. ब्राउझरचा मात्र समोरचाच टॅब सापडतो, मागचे नाहीत. मोठीच उणीव!