आधी गळती, मग व्हीएफडी कॉम्प्रेसर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

दोन शिफ्ट, वीसेक सीएनसी-व्हीएमसी (संगणकाने चालणारी, धातू कापणारी) मशीन. जुना फिक्स्ड स्पीडचा ३० किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर काढून २२ किलोवॅटचा व्हीएफडी (हवेच्या गरजेनुसार मोटरचा वेग बदलणारा) बसवला, त्याला अकरा महिने झाले. मशीन चांगलं आहे. पण लहान मशीन पुरलं ते आधी हवेच्या लाइनची गळती बुजवली म्हणून. हा क्रम उलटा केला असता तर गळतीसाठीच मोठा कॉम्प्रेसर घ्यावा लागला असता, आणि बरेच कारखाने नेमकं तेच करतात.

गळती मोजायला खर्च शून्य. सुट्टीच्या दिवशी लाइन भरायची, कुठलंही मशीन हवा वापरणार नाही हे बघायचं आणि जुना कॉम्प्रेसर किती सेकंद लोड (हवा भरतो), किती सेकंद अनलोड (हवा न भरता नुसता फिरतो) राहतो ते पाच फेऱ्यांसाठी लिहायचं. ९० सेकंद लोड आणि २१० सेकंद अनलोड म्हणजे ९० भागिले ३००, अर्थात कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा वाया. १० टक्क्यांच्या आत आणणं जमतं.

३ मिलिमीटरच्या एका भोकातून ७ बारला साधारण २० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा जाते, म्हणजे साडेतीन-चार किलोवॅट. गळती मोठ्या पाइपला क्वचितच असते. ती असते मशीनच्या मागे: पुश फिटिंगमध्ये तिरकी कापलेली पीयू ट्यूब, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाऊलची ओ-रिंग, क्विक कपलर, अर्धवट उघडा ठेवलेला ड्रेन कॉक. ट्यूब कटरनेच कापायची, ब्लेडने नाही. साबणाचं पाणी पुरतं. जिथे हात पोचत नाही तिथे एक दिवस अल्ट्रासॉनिक डिटेक्टर भाड्याने आणावा. टायमरवाला ऑटो ड्रेन पाणी संपल्यावरही हवा सोडत राहतो, त्याऐवजी लेव्हलवर चालणारा घ्यावा.

इथे हिशोबात एक चूक होते. ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं तर ३० किलोवॅटच्या मशीनवर ६ किलोवॅट वाचले असं वाटतं. फिक्स्ड स्पीड मशीन अनलोडमध्येही पूर्ण लोडच्या २५-३० टक्के वीज खातं, त्यामुळे प्रत्यक्षात हाती लागतात सव्वाचारच्या आसपास. वर्षाला ४,८०० तास धरले तर सुमारे २०,००० युनिट, आणि युनिटमागे साधारण ०.७ किलो धरल्यास १४ टन कार्बन डायऑक्साइड. लिस्टेड ग्राहक बीआरएसआरसाठी (सेबीला द्यायचा पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल) पुरवठादारांकडे विजेचे आकडे मागू लागले आहेत, त्यांना दाखवायला ही नोंद कामाची. अनलोडमधली ही उरलेली वीज व्हीएफडी वाचवतो.

गळती गेल्यावर प्रेशर ७.५ वरून ६.३ बारला आणलं. एक बार कमी म्हणजे सहा-सात टक्के वीज कमी, आणि उरलेली गळतीही कमी. मात्र हे एकदम नाही, ०.२ बारच्या पायऱ्यांनी करायचं. घाई केली की टूल चेंजरला लो एअर अलार्म येतो, दोष कॉम्प्रेसरला मिळतो आणि कोणीतरी सेटिंग पुन्हा वर नेतो. एकाच फिक्स्चरला जास्त प्रेशर लागत असेल तर तिथेच बूस्टर लावावा. त्याच्यासाठी अख्खी लाइन वर ठेवू नये.

व्हीएफडीच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. सतत पूर्ण लोडवर तो फिक्स्ड स्पीडपेक्षा दोन-चार टक्के जास्तच वीज खातो. गरजेपेक्षा मोठा घेतला तर कमी स्पीडवर तेल पुरेसं तापत नाही, ओलावा तेलात उतरतो आणि ते दुधाळ होतं. पावसाळ्यात साइट ग्लास रोज बघावी. ड्राइव्ह पॅनलचा फिल्टर धुळीच्या शेडमध्ये आठवड्याला साफ करावा लागतो, नाहीतर एप्रिल-मेमध्ये ओव्हर टेंपरेचरचा ट्रिप ठरलेला. गरम हवा डक्टने शेडबाहेर काढावी. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज टक्काभर वाढते.

गळती परत येते. तीन-चार महिन्यांत नवे फिटिंग सैल होतात. व्हीएफडीवर लोड-अनलोडची चाचणी चालत नाही, म्हणून कॉम्प्रेसर बंद करून रिसीव्हरचं प्रेशर बघतो: टाकी आणि लाइन मिळून १,००० लिटर असेल आणि ६० सेकंदांत एक बार उतरला, तर गळती सुमारे ३५ सीएफएम. महिन्याच्या पहिल्या सुट्टीला हा आकडा कॉम्प्रेसरजवळच्या पाटीवर लिहितो आणि सापडलेल्या जागी लाल टॅग लावतो. टॅग दुरुस्तीनंतरच निघतो.