रोबोटचे लाखभर वाचवले, तळहाताएवढ्या यंत्रावर आईचा गुडघा बदलला

आईचा उजवा गुडघा बदलून चार महिने झाले म्हणून आता लिहितोय, आठव्या दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या.

पहिल्या हॉस्पिटलात (नाव नको) डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर मॅडमच भेटल्या, टीव्हीवर रोबोटच्या मदतीने गुडघा बदलतात त्याचा व्हिडिओ लावला, साध्या पॅकेजवर लाखभर वाढवून सांगितले आणि वर ‘आईच्या बाबतीत काटकसर नको हो’. तिथनं उठलोच. मग सांगलीतच एका छोट्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हँडहेल्ड नॅव्हिगेशन सुचवलं.

म्हणजे काय तर नेहमीच्या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडात आतून लांब रॉड घालतात आणि त्याच्या आधाराने हाड कापायचा कोन धरतात, आईसारखं हाड मुळातच बाकदार असलं की तिथं गडबड होते. ह्या यंत्रात आपल्या मोबाईलमध्ये असतात तसलेच हालचाल आणि कल ओळखणारे सेन्सर, एक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. हाडाला बसवायचं, पाय गोल फिरवायचा, त्यावरून ते खुब्याचा मध्य शोधतं आणि कोन डिग्रीत दाखवतं. खुबा, गुडघा, घोटा एका रेषेत यायला पाहिजेत, ३ डिग्रीपर्यंत इकडेतिकडे चालतं म्हणे. सीटी स्कॅन नाही, कोट्यवधीचं मशीन नाही. बाबांची सगळी हयात बांधकामावर गेली, ते ऐकून म्हणाले, ‘म्हंजे ओळंबाच की रे!’

यंत्र एकदाच वापरायचं असतं त्यामुळे बिलात वेगळं लागलं, पण रोबोटचे जेवढे जादा सांगितले होते त्याच्या पाव हिश्शात भागलं. इम्प्लांटचे (म्हणजे आत बसवतात त्या कृत्रिम गुडघ्याचे) भाव सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिलेत, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या सेटला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरवले होते, त्याआधी तोच दीड लाखाच्या घरात जायचा. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी, बॅच नंबर वेगळं लिहून मागा, लाजू नका. आम्हाला दोनदा मागावं लागलं.

डॉक्टरांचं एक आवडलं, आधीच सरळ बोलले की यंत्र कोन सांगतं, लिगामेंट (हाडं जोडून धरणारे पट्टे) किती घट्ट किती सैल ते माझ्या हातालाच कळणार, आणि एक्स-रे देखणा येतो म्हणून दुखणं कमी होईल किंवा गुडघा जास्त वर्षं टिकेल असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. एवढं खरं बोलणारा माणूस दिसल्यावर मी तिथंच हो म्हणालो.

फिजिओ मात्र भिकार. दोन दिवस आले आणि डिस्चार्जच्या वेळी हातात एक झेरॉक्स, चित्रं पण काळीकुट्ट. शेवटी घरी महिनाभर फिजिओ लावला, तो खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये कुणी सांगत नाही, धरून चाला.

पाय सरळ झालाय, जिना रेलिंग धरून चढते. मांडी घालायची नाही म्हणून पंगतीत खुर्ची लागते त्याचा राग आहे तेवढा. डाव्या गुडघ्याचं विचारलं तर म्हणते, आधी कैरीचं लोणचं घालू दे.